इन्व्हर्टरची बॅटरी: लोड मोजण्यापासून पाणी भरण्यापर्यंत, योग्य क्रमानं

"दोन वर्षांतच बॅटरी बसली, माल खराब होता." हे कुणी सांगितलं की मी आधी बॅटरीची झाकणं उघडायला सांगते. बहुतेक वेळा आत प्लेटा उघड्या पडलेल्या असतात, नाहीतर पाणी काठोकाठ भरून ॲसिड वर सांडलेलं असतं. कधी बॅटरीत काहीच बिघाड नसतो. तिच्यावर फ्रिज चढवलेला असतो, एवढंच. नीट ठेवलेली ट्यूब्युलर (नळीच्या आकाराच्या प्लेटांची) बॅटरी घरात पाच-सहा वर्षं सहज काढते. ती दोन वर्षांत बसते तेव्हा आठ-दहा हजारांच्या वर पैसे पाण्यात जातात, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितेय.

इथे धरलंय ते आपल्याकडच्या बहुतेक घरांत असतं ते: १२ व्होल्टची एक लेड-ॲसिड ट्यूब्युलर बॅटरी आणि तिला जोडलेला इन्व्हर्टर. लिथियमबद्दल पुढे थोडं आहे.

पायऱ्या दिलेल्या क्रमानंच करा. दुकान तिसऱ्या पायरीवर येतं. लोक तिथूनच सुरुवात करतात आणि गडबड तिथेच होते.

१. लोड कागदावर मांडा

वही घ्या आणि घरभर फिरा. लाइट गेल्यावर नक्की काय चालू राहायला हवं, ते लिहा. "सगळं चालावं" असं लिहायचं नाही. प्रत्येक वस्तूचे वॅट तिच्यावरच्या पट्टीवर छापलेले असतात, ते बघून लिहा. साधारण दोन खोल्यांच्या घराची यादी अशी होते:

- साधे सीलिंग फॅन, २ नग, प्रत्येकी ७५ वॅट: १५०
- एलईडी ट्यूब, ३ नग, प्रत्येकी २० वॅट: ६०
- एलईडी बल्ब, २ नग, प्रत्येकी ९ वॅट: १८
- वायफाय राउटर: १२

एकूण २४० वॅट. टीव्ही हवा असेल तर त्याचे ५०-६० वॅट वेगळे मिळवा.

या यादीत काय नको ते पक्कं ठरवा. गिझर, इस्त्री, इंडक्शन, मिक्सर, पाण्याची मोटर आणि एसी यांतलं काहीही नको. फ्रिजवर घराघरांत वाद होतो. फ्रिज चालताना दीडशे-दोनशे वॅट घेतो हे खरं, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. छोट्या इन्व्हर्टरला तो झटका झेपत नाही. झेपलाच, तरी बॅटरी पंख्यांसाठी उरत नाही. दोन-तीन तास लाइट नसली तर फ्रिजचं दार बंद ठेवा, आतलं काही खराब होत नाही.

घरात कुणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असेल तर त्याचा हिशोब या यादीत मिसळू नका. पाच लिटरचं यंत्र साधारण ३००-३५० वॅट सतत घेतं. १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरीवर ते एकटं चाललं तरी जेमतेम अडीच तास. डॉक्टरांशी बोलून भरलेला सिलिंडर घरात ठेवायलाच हवा. इन्व्हर्टरवर भरवसा ठेवून थांबू नका.

*तपासा:* यादीतली प्रत्येक वस्तू कुठल्या स्विचवर आहे ते शेजारी लिहिलंय का? पाचव्या पायरीला वायरमन पहिला प्रश्न हाच विचारेल.

२. बॅटरी किती एएचची हवी, ते काढा

तुमच्या भागात लाइट किती वेळ जाते? मोठं वादळ झालं की आठ तास जाते, पण त्या एका दिवसासाठी बॅटरी घ्यायची नसते. नेहमी किती वेळ जाते, तो आकडा धरा. समजा तीन तास.

२४० वॅट तीन तास चालवायचे म्हणजे ७२० वॅट-तास लागले. बॅटरीतली वीज घरात येईपर्यंत साधारण पाचवा हिस्सा इन्व्हर्टरमध्येच उष्णता होऊन जातो, म्हणून ७२० ला ०.८ नं भागायचं. आले ९००. आता सगळ्यात महत्त्वाचं: लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. रोज साठ टक्क्यांपर्यंत वापरली तर ती टिकते. म्हणून ९०० ला ०.६ नं भागा, १५०० येतात. ते १२ व्होल्टनं भागले की १२५ एएच. बॅटरी म्हातारी होईल तशी क्षमता घटते, त्यासाठी वर वीस टक्के. म्हणजे १५० एएच.

हेच गणित तुमच्या आकड्यांवर करा. दुकानदार "दोन बेडरूम आहेत ना, मग ही घ्या" म्हणेल, तेव्हा हातात कागद असू द्या.

बॅटरीवर "१५० एएच, सी-२०" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ वीस तासांत सावकाश, म्हणजे ७.५ अँपिअरनं ओढली तर ती १५० एएच देते. आपला २४० वॅटचा लोड तिच्यातून २५ अँपिअर ओढतो. इतक्या वेगानं ओढलं की तीच बॅटरी १५० पेक्षा कमी एएच देते. "पाटीवर इतकं लिहिलंय आणि मिळतं कमी" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा हेच. सोलरसाठीच्या बॅटरीवर सी-१०, म्हणजे दहा तासांचं रेटिंग, लिहिलेलं असतं. दोन बॅटऱ्यांची किंमत ताडून बघताना दोन्हींवर एकच रेटिंग आहे ना, हे आधी बघा.

मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलता येतील का, याचाही विचार करा. ७५ वॅटच्या दोन पंख्यांऐवजी ३० वॅटचे बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचे) पंखे लावले तर २४० चा लोड १५० वर येतो, आणि जी बॅटरी तीन तास द्यायची ती पावणेपाच तास देते. मला विचाराल तर पहिला खर्च इथे करा.

३. दुकानात काय बघायचं

इन्व्हर्टर साइन वेव्ह, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइटसारखीच वीज देणारा, घ्या. स्क्वेअर वेव्ह स्वस्त असतो, पण त्याच्यावर पंखा गुणगुणतो आणि मोटरचं वेटोळं तापतं. ९०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, इन्व्हर्टरच्या ताकदीचं माप) लिहिलेला इन्व्हर्टर सातशेच्या आसपास वॅट देतो, आणि २४०-३०० वॅटच्या लोडला तो पुरेसा आहे. इन्व्हर्टरवर ट्यूब्युलर, फ्लॅट, एसएमएफ (पाणी न भरावी लागणारी बंद बॅटरी) असा बॅटरी निवडायचा स्विच आहे ना, ते बघून घ्या.

बॅटरीच्या बाबतीत तीन गोष्टी.

पहिली, उत्पादनाची तारीख. ती कोडमध्ये असेल तर दुकानदाराला उलगडून सांगायला लावा. गोदामात सहा महिने उभी राहिलेली बॅटरी आपोआप उतरत गेलेली असते आणि प्लेटांवर सल्फेट (बॅटरी उतरताना जमणारा शिशाचा थर) कडक व्हायला लागलेलं असतं.

दुसरी, व्होल्टेज. मल्टिमीटर सोबत न्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पूर्ण चार्ज होऊन शांत उभी असलेली ट्यूब्युलर बॅटरी साधारण १२.५ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर दुसरा नग मागा.

तिसरी, वॉरंटी कार्ड. त्यावर विक्रीची तारीख, बॅटरीचा अनुक्रमांक आणि दुकानाचा शिक्का तिथल्या तिथे घ्या आणि कार्डाचा फोटो काढा. "३६ + २४" लिहिलेलं असेल तर सहसा पहिले ३६ महिने बॅटरी बदलून मिळते आणि पुढचे २४ महिने फक्त किमतीत सूट. साठ महिने फुकट, असा अर्थ लावू नका.

लिथियमबद्दल विचारणा वाढलीय. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी हलकी असते, ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येते, पाणी लागत नाही. पण जुन्या इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी काढून तिथे ती सरळ जोडायची नाही. चार्जिंगचे व्होल्ट वेगळे असतात. इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत लिथियमची सोय लिहिलेली असेल तरच पुढे जा.

४. जागा ठरवा, बॅटरी घरात येण्याआधी

पाण्यानं भरलेली १५० एएचची उंच ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. एकदा ठेवली की कुणी हलवत नाही. म्हणून जागा आधी.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की ठिणगीनं पेट घेऊ शकतो. तो हवेपेक्षा हलका, म्हणून वर चढतो आणि बंद जागेत छताशी साठतो. माझ्या मावशीकडे बॅटरी देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवली होती, दार लावून. वर रोज संध्याकाळी समई आणि निरांजन. वर्षभर काही झालं नाही, हे नशीब. ती बॅटरी आम्ही त्याच दिवशी मागच्या पॅसेजमध्ये हलवली. तुमच्याकडे देवघराखाली, गॅस सिलिंडरजवळ किंवा दार लावलेल्या कपाटात बॅटरी असेल तर हा लेख इथेच थांबवा आणि आधी तिची जागा बदला. झोपायच्या खोलीतही नको.

हवा खेळती असावी, ऊन नसावं. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारभर तापणारी बॅटरी लवकर मरते. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य ढोबळमानानं निम्मं होतं. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे पारा जातो, तिथे घरातली सगळ्यात थंड भिंत बॅटरीला द्या. कोकणात आणि गोव्यात अडचण वेगळी: खारट दमट हवेनं टर्मिनल लवकर गंजतात, म्हणून पावसाळ्यात ती दर महिन्याला बघावी लागतात.

बॅटरी फरशीवर न ठेवता ट्रॉलीत ठेवा. इन्व्हर्टर अगदी तिच्या झाकणांवर टेकलेला नको, कारण वाफेनं त्याचं सर्किट गंजतं. इन्व्हर्टरच्या चारी बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडा.

*तपासा:* झाकणांच्या वर पाणी भरायला हात आणि नरसाळं जाईल एवढी जागा आहे का? अडचणीच्या जागेतली बॅटरी नेहमी उपाशी राहते.

५. घरातली वायरिंग: हे काम वायरमनचं

हे स्वतः करू नका. पण त्यानं काय करायला हवं ते माहीत असू द्या, कारण चुका इथे होतात आणि दिसतात वर्षानंतर.

इन्व्हर्टरवर घ्यायच्या स्विचांचा फेज मुख्य बोर्डापासून वेगळा काढून इन्व्हर्टरच्या आउटपुटला जायला हवा, मध्ये स्वतःचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) लावून. बोर्डात आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) असेल तर न्यूट्रलची वाट वायरमनला नीट बघायला सांगा. फेज एका वाटेनं गेला आणि न्यूट्रल दुसऱ्याच आरसीसीबीतून परत आला की तो सारखा ट्रिप होतो. मग कुणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतं. तो तुमच्या मुलांचा जीव वाचवणारा भाग आहे, तो काढू देऊ नका. अर्थिंग तीन पिनांच्या प्लगमधून अखंड राहायला हवं.

सावध: इन्व्हर्टरच्या आउटपुटला दोन्हीकडे पिना असलेली वायर लावून ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायची नाही. "तात्पुरतं" म्हणून हे करतात. त्यानं वीज उलटी बाहेरच्या लाइनवर जाऊ शकते. बाहेर खांबावर लाइट गेली म्हणून दुरुस्तीला चढलेला लाइनमन असतो.

सावध: लाइट गेली तरी इन्व्हर्टरच्या सर्किटात २३० व्होल्ट असतात. बल्ब-होल्डर किंवा स्विच उघडायचा असेल तर मुख्य एमसीबी आणि इन्व्हर्टरचा स्विच, दोन्ही बंद करा. टेस्टरनं बघा. मगच हात लावा.

६. बॅटरी जोडताना: क्रम बदलू नका

अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. पान्हा दोन्ही टर्मिनलांवर एकाच वेळी टेकला तर शेकडो अँपिअरचा करंट जातो आणि लोखंड वितळतं. खिडकी उघडा.

१. इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद, प्लग सॉकेटच्या बाहेर.

२. इन्व्हर्टरवरचा बॅटरीचा प्रकार "ट्यूब्युलर"वर करा. नंतर करू म्हटलं की विसरतं.

३. टर्मिनल आणि वायरची थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) कोरड्या फडक्यानं, लागल्यास बारीक पॉलिश पेपरनं चकचकीत करा.

४. लाल वायर धनाला (+). नट घट्ट आवळा.

५. काळी वायर ऋणाला (−). टेकताना बारीकशी ठिणगी उडते, इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरतात म्हणून. घाबरू नका, पण चेहरा लांब ठेवा.

६. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा. आधी लावून मग आवळायचं नाही. धातूला धातू भिडला पाहिजे.

७. आता प्लग लावा. चार्जिंगची खूण दिसली की थांबा. पुढचा स्विच अजून चालू करायचा नाही.

काढताना बरोबर उलटं: आधी काळी, मग लाल.

उलट जोडणी झाली तर नशीब असेल तर फ्यूज जातो, नाहीतर इन्व्हर्टर. म्हणून पाचव्या क्रमाआधी दोन माणसांनी रंग बघा.

इन्व्हर्टरसोबत आलेली वायर आखूड वाटली म्हणून तिला जोड देऊ नका. १२ व्होल्टवर करंट मोठा असतो. बारीक किंवा लांब वायर तापते आणि बॅटरी चांगली असूनही इन्व्हर्टर "लो बॅटरी" ओरडतो. अंतर जास्त असेल तर बॅटरी जवळ आणा.

*तपासा:* २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या लागतात. त्या एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. एक जुनी आणि एक नवी लावली की जुनी नवीलाही घेऊन बसते.

७. पहिला चार्ज आणि पहिली परीक्षा

पहिले दहा-बारा तास फक्त चार्जिंग. मध्ये लाइट गेली तर त्या दिवशी मेणबत्ती लावा. नव्या बॅटरीवर पहिल्याच संध्याकाळी सगळं घर चालवून दाखवायचा मोह होतो, तो टाळा.

चार्ज पूर्ण झाल्यावर हायड्रोमीटरनं (ॲसिडची घनता मोजायची काचेची नळी) सहाही सेलची, म्हणजे झाकणांखालच्या सहा कप्प्यांची, घनता मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. भरलेली ट्यूब्युलर बॅटरी २७ अंशांना १.२४० च्या आसपास दाखवते. तुमच्या बॅटरीच्या लेबलवर वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण. आज लिहिलेले हे सहा आकडे पुढची पाच वर्षं उपयोगी पडतील.

मग परीक्षा. मुख्य एमसीबी पाडा, यादीतला लोड चालू करा, घड्याळ लावा. एक तासानं मल्टिमीटरनं बॅटरीच्या टर्मिनलांवर व्होल्ट बघा. १२ च्या आसपास ठीक. ११.५ च्या खाली गेलं असेल तर काहीतरी चुकलंय. मग इन्व्हर्टरच्या टोकाला व्होल्ट बघा: बॅटरीवरच्या आणि इथल्या आकड्यात ०.३ पेक्षा जास्त फरक असेल तर जोड सैल आहे किंवा वायर बारीक.

एमसीबी पुन्हा वर करायला विसरू नका. मी एकदा विसरले होते, आणि रात्रभरात बॅटरी पार उतरली.

८. पाणी: सगळ्यात जास्त चुका इथे

चार्ज होताना पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडतं. ॲसिड उडत नाही, ते आतच राहतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं आपोआप कळतं.

*काय भरायचं.* फक्त डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी, बंद कॅनमधलं. आरओचं पाणी चालत नाही. घरच्या आरओनंतरही पाण्यात क्षार उरलेले असतात, पिण्यासाठी ते मुद्दाम ठेवलेले असतात. बोअरच्या पाण्याचा तर विचारच नको. एसीचं थेंबथेंब पाणी बाटलीत धरून बॅटरीत घालणारे बरेच आहेत. ते पाणी कॉइलवरची धूळ आणि तांबं धुऊन आलेलं असतं. उकळून फडक्यानं गाळलेलं पाणीही नको: उकळल्यानं क्षार जात नाहीत, उलट दाट होतात. लोह आणि क्लोराइड एकदा आत गेले की बाहेर काढायचा मार्ग नाही.

*ॲसिड कधीही भरायचं नाही.* घनता कमी दिसली की कुणी "थोडं ॲसिड टाका" सांगतं. घनता कमी दिसते कारण ॲसिड सल्फेट होऊन प्लेटांवर बसलेलं असतं. पूर्ण चार्ज केल्यावर ते परत पाण्यात येतं. वरून आणखी घातलं तर प्लेटा खाल्ल्या जातात.

*कधी भरायचं.* चार्ज पूर्ण झाल्यावर, आधी नाही. चार्ज होताना बुडबुडे येऊन पातळी वर चढते. उतरलेल्या बॅटरीत फ्लोटच्या (पातळी दाखवणाऱ्या झाकणातल्या तरंगत्या कांडीच्या) हिरव्या खुणेपर्यंत भरलं की रात्री चार्जिंगला ती उतू जाते. सांडतं ते ॲसिड, आणि तेवढं ते कायमचं कमी होतं. अपवाद एकच: प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी आधी घाला, चार्ज करा, मग उरलेलं भरा.

*कसं भरायचं.*

१. पूर्ण चार्ज. मग इन्व्हर्टर बंद, प्लग बाहेर. अर्धा तास थांबा.

२. चष्मा किंवा गॉगल, रबरी हातमोजे, जुने कपडे. सुती कपड्यावर ॲसिडचा थेंब पडला की दुसऱ्या धुण्यात भोक पडतं. शेजारी बादलीभर पाणी आणि खाण्याचा सोडा ठेवा.

३. झाकणांच्या वरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा. झाकण उघडल्यावर पुसलं तर धूळ आत जाते.

४. एकावेळी एकच झाकण उघडा. प्लास्टिकच्या नरसाळ्यानं सावकाश पाणी घाला. फ्लोट हिरव्या खुणेला आला की थांबा. लाल खूण दिसत असेल तर पाणी खरंच कमी आहे.

५. झाकण बंद, मग पुढचं.

६. सहाही झाल्यावर वरचा भाग कोरडा करा आणि प्लग लावून एक-दोन तास चार्ज होऊ द्या, म्हणजे नवं पाणी ॲसिडमध्ये मिसळेल.

सावध: आत किती पाणी आहे ते बघायला काडी पेटवायची नाही. मोबाइलची बॅटरी-टॉर्च वापरा. ॲसिड डोळ्यात गेलं तर लगेच नळाखाली डोळा उघडा धरून किमान पंधरा मिनिटं धुवा आणि सरळ डॉक्टरकडे जा. फरशीवर सांडलं तर सोडा टाका, फेस थांबला की भरपूर पाण्यानं धुवा.

किती वेळा? साधारण दर दोन-तीन महिन्यांनी, विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात दर महिन्याला. कॅलेंडरवर खूण करा. एकच सेल इतरांपेक्षा खूप जास्त पाणी पीत असेल तर तो सेल बिघडत चाललाय. सगळेच खूप पीत असतील तर ओव्हरचार्ज होतंय. चार्जिंग चालू असताना टर्मिनलवर १४.४ व्होल्टच्या बरंच वर दिसतंय का, ते बघा आणि सर्व्हिसवाल्याला बोलवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर वाट बघू नका: प्लग काढा, खिडक्या उघडा, कुठलाही स्विच चालू-बंद करत बसू नका.

९. महिन्याची पंधरा मिनिटं

टर्मिनल बघा. पांढरी-हिरवट पूड जमली असेल तर काळी वायर आधी काढून, सोडा घातलेल्या कोमट पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं घासा, कोरडं करा, परत आवळा, व्हॅसलीन. हे करताना सहाही झाकणं पक्की बंद असू द्या, सोड्याचं पाणी आत जाता कामा नये.

ज्या भागात लाइट क्वचितच जाते तिथे महिन्यातून एकदा एमसीबी पाडून अर्धा-पाऊण तास बॅटरी चालवा. नुसती उभी राहिलेली बॅटरी आळशी होते, तळाशी दाट ॲसिड साचतं, आणि ती किती तग धरेल ते गरजेच्या रात्रीच कळतं.

तीन महिन्यांनी हायड्रोमीटर. पाणी घातल्यावर लगेच मोजू नका, वरवरचं पाणी मोजलं जाईल. ॲसिड गरम असेल तर २७ च्या वर दर अंशाला ०.०००७ मिळवा: ४० अंशांना १.२३१ दिसलं तर ते १.२४० च आहे. सेलांमध्ये ०.०३० पेक्षा जास्त फरक असेल तर बारा तास अखंड चार्ज करून परत मोजा. फरक तसाच राहिला आणि वॉरंटी शिल्लक असेल तर वही घेऊन दुकानात जा. लिहिलेले आकडे दाखवले की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

आणखी एक गोष्ट, विशेषतः गावाकडच्या घरांसाठी. इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असे दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये बाहेरचे व्होल्ट साधारण १८० च्या खाली आले की तो बॅटरीवर जातो. शेतीपंप सुरू झाल्यावर गावात व्होल्ट १७० वर येतात. लाइट आहे, पंखा फिरतोय, आणि आत बॅटरी गुपचूप उतरतेय. कॉम्प्युटर नसेल तर मोड नॉर्मलवर ठेवा.

१०. घर बंद करून जाताना

गणपतीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गावाला निघताना आपण मेन स्विच पाडतो. इन्व्हर्टरला वाटतं, लाइट गेली. तो राउटर, विसरलेला एखादा बल्ब आणि देवापुढचा झिरोचा दिवा चालवत राहतो. दुसऱ्या दिवशी बॅटरी संपते, आणि मग महिनाभर ती रिकामी उभी राहते. रिकाम्या बॅटरीत सल्फेट कडक होतं, पुढे ते विरघळत नाही. चांगल्या बॅटऱ्या सगळ्यात जास्त मरतात त्या अशा.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पूर्ण चार्ज, पाणी भरलेलं. निघताना आधी इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद, प्लग बाहेर, मग काळी वायर काढून टोकाला टेप गुंडाळा, आणि शेवटी मेन स्विच पाडा. दोन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर कुणा शेजाऱ्याला सांगून मध्ये एकदा रात्रभर चार्ज करायला लावा. परदेशातून आईवडिलांच्या बंद घराची काळजी करणाऱ्यांनी हा परिच्छेद त्यांच्या शेजाऱ्यांना पाठवावा.

११. बॅकअप कमी झाला तर, बॅटरीला दोष देण्याआधी

याच क्रमानं बघा: लोड वाढलाय का (नवा पंखा, कुणीतरी लावलेला टीव्ही), टर्मिनल सैल आहेत का, पाणी आहे का, बॅटरी खरंच पूर्ण चार्ज होते का. १५० एएचला चार्जिंग करंट साधारण १५ अँपिअर हवा. सलग दोन-तीन दिवस बराच वेळ लाइट जात असेल तर चार्जला पुरेसा वेळच मिळत नाही. एवढं सगळं ठीक असून, बारा तास चार्ज केल्यावरही बॅकअप निम्म्यावर असेल आणि एखाद्या सेलची घनता वर येतच नसेल, तर बॅटरी संपली. डबा फुगला असेल किंवा तडा गेला असेल तर त्याच दिवशी तिचा वापर थांबवा.

१२. जुनी बॅटरी परत देताना

बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि विक्रेते जुनी बॅटरी परत घेतात. नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे पैसे वजा होतात, त्याचा आकडा बिलावर लिहून घ्या. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून देऊ नका. तिथे ॲसिड गटारात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात, त्याचा धूर आसपासच्या मुलांच्या फुप्फुसात जातो.

नेताना काळी वायर आधी काढा, दोन्ही टर्मिनलांवर टेप लावा, झाकणं घट्ट बंद करा. दोन माणसांनी उचला, उभीच ठेवा, आणि रिक्षात आडवी घालू देऊ नका.